कडू चहा

“जीभ बाहेर काढा, आजी.”

सासूबाईंनी काढली. डॉक्टरांनी बॅटरीचा झोत टाकून ती या कडेपासून त्या कडेपर्यंत न्याहाळली.

“नीट बघून घ्या,” जीभ आत घेत त्या म्हणाल्या. “हिच्या धाकावर अख्खं शिवणाचं दुकान चालतं.”

शेजारी बसलेल्या सुनेने ओठ दाबून हसू आवरलं.

“शाबूत आहे,” डॉक्टर म्हणाले. “मागच्या वेळेपेक्षा काही बिघडलेलं नाही. गोळी लागू पडली म्हणायची. गेलेल्या नसा ती परत आणत नाही, पण उरलेल्यांची राखण करते. तुमच्यासारख्या दुखण्यात गोळी न घेणाऱ्यांची वाचा एव्हाना जायला लागते.”

सासूबाईंनी सुनेकडे पाहायचं टाळलं.

एकही गोळी त्यांनी गिळली नव्हती. बरं करत नाही, तर गिळायची कशाला? आणि गिळली म्हणजे दुखण्याला पाट मांडून बसवल्यासारखंच. सुनेसमोर गोळी तोंडात टाकायची, वर पाणी प्यायचं, तिची पाठ वळली की जिभेखालची गोळी काढून पांढऱ्या बटणांच्या डब्यात लोटायची. बटणांत बटण.

पण रोज डोळा उघडला की एकच विचार यायचा. आज शब्द येतील ना? मग चूळ भरायच्या आधी त्या सुनेला एक लांबलचक टोमणा हाणायच्या. तो न अडखळता बाहेर पडला की जीव भांड्यात पडायचा.

गोळी पोटात नाही, तर राखण करतंय कोण? आणि कधीपर्यंत?

दुकानात येताच त्यांनी डबा कापायच्या टेबलावर उपडा केला. एकेक बटण चाचपत गेल्या. प्रत्येकाला भोकं होती. गोळी एकही नव्हती.

“चहा,” मागून सून म्हणाली. तिची नजर टेबलावर गेली आणि तिथेच थबकली.

चहा कित्येक महिने कडू लागत होता. त्यावरून त्यांनी सुनेचं माहेरसुद्धा काढलं होतं. ती कधी उलटून बोलली नव्हती.

सासूबाईंनी कप दोन्ही हातांनी उचलला. तळाचा गाळसुद्धा त्यांनी सोडला नाही.

“उद्यापासून गोळी माझ्या हातावर ठेव,” त्या म्हणाल्या. “गिळेपर्यंत समोरून हलू नकोस. माझीच उष्टी गोळी मलाच पाजतेस, चांगल्या चहाचं वाटोळं करतेस, आणि वर तोंड असं करतेस, जसं काही दूध मांजरानंच सांडलं!”

बटणं गोळा करणारे सुनेचे हात थांबले होते. टोमणा संपेपर्यंत तिने त्यांच्या ओठांवरची नजर काढली नाही.

“स्पष्ट आलं, आई,” ती हळूच म्हणाली. “सगळंच्या सगळं.”