पल्लवानंदांचा पांगारा

डोंबिवलीच्या आमच्या नव्या चाळीच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. थंडीभर खराट्यासारखा उभा असलेला पांगारा लालभडक फुलू लागला होता. खाली मृगाजिनावर पल्लवानंद महाराज बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होते, "मेलेल्या काष्ठात आम्ही प्राण ओतला!"

आम्ही बिऱ्हाडकरू गेल्या पावसाळ्यात गिरगावातून आलेले. फुलं माहीत होती ती पुडीतली. पानं गळताच झाड मेलं म्हणून मालक तोडायला निघाला होता, तेवढ्यात महाराज आले आणि कमंडलूतलं पाणी घालू लागले.

मी हसून सोडून दिलं असतं. पण शेजारच्या अण्णांनी क्षयाची इंजेक्शनं बंद केली. "झाड उठलं, तसा मीही उठेन," म्हणत ते अंगारा चाटू लागले. त्यांची सून सुमती रडकुंडीला येऊन डॉक्टर मंदाकिनीबाईंना घेऊन आली.

बाईंनी महाराजांना चक्क वाकून नमस्कार केला.

"महाराज, झाड आपलं ऐकतं ना?"

"आमच्या आज्ञेशिवाय कळी उमलत नाही!"

"मग त्या खालच्या फांदीच्या कळ्यांना सांगा, उद्यापर्यंत उमलू नका."

महाराज कमंडलू उचलून उठू लागले. पण सगळं अंगण बघत होतं. शेवटी फांदीवर बोट रोखून ते गरजले, "खबरदार, उमललात तर!"

दुसऱ्या सकाळी ती फांदी लालेलाल! साळुंक्या मजेत मध पीत होत्या.

"कोणाच्या तरी मनात पाप आहे," महाराज पुटपुटले.

बाईंनी एक मिटलेली कळी तोडून नखाने उकलली. आत पाकळ्यांची लाल घडी होती.

"बघा अण्णा, ही आधीपासून आत तयार होती. पांगारा थंडीत पानं टाकतो, मग फुलतो, मग पालवतो. कळव्याकडचे पांगारेही फुललेत, त्यांना कोणी पाणी घातलं? महाराज कळ्या बघूनच इथं शिरले. झाड मेलंच नव्हतं. तुमचा क्षय मात्र खरा आहे, त्याला औषधच लागतं."

अण्णांनी कळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग बाही वर सारत खेकसले, "मग उभ्या काय राहिलात? काढा सुई!"

महाराज तोवर मृगाजिन गुंडाळून स्टेशनच्या वाटेला लागले होते.

माझं सांगणं एवढंच. चमत्कार करणारा भेटला, तर हात जोडण्याआधी त्याला तो चमत्कार थांबवायला सांगा.