सोमवारी दहा ते अकरा

मी भोंगा बोलतोय. आजवर माझ्या तोंडून कायम दुसराच कुणी बोलला; हे तेवढं माझं.

राखाडी रंगाचा, पत्र्याचा आहे मी. कुडाळच्या एका मंडपवाल्यानं मला घेतलं आणि दहा वर्षं लग्नांतून, जत्रांतून फिरवलं. वालावलला देवळासमोर मी हरवलेल्या मुलांची नावं पुकारली, व्याह्यांना जेवायला बोलावलं. कुणी खूश झालं, कुणी वैतागलं. मला काही वाटलं नाही. आवाज मोठा करायचा, एवढंच माझं काम. तो कुणाचा आणि कशासाठी, हे भोंग्याला कुणी विचारत नाही.

पुढे मालवणजवळ किनाऱ्यालगत एक थीम पार्क झालं आणि मंडपवाल्यानं मला तिथं देऊन टाकलं. छोट्या आगगाडीच्या फलाटाशेजारी मला खांबावर चढवलं. सकाळी दहापासून गाणी, आणि दर पाच मिनिटांनी एक बाई माझ्यातून म्हणायची, "आनंदाच्या गावात आपलं स्वागत आहे." गाडी चालवायचा बाळा. पन्नाशीतला, पूर्वी ट्रॉलरवर इंजिन सांभाळलेला माणूस. माझं बटण त्याच्याच टपरीत होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी सुगंधा आली. ती नांदगावला शाळेत शिकवते. बरोबर तिची मुलगी तन्वी, आठ वर्षांची. तन्वी फारसं बोलत नाही, पण स्टेशनांची नावं ओळीनं म्हणते: वैभववाडी, नांदगाव, कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ. घरामागून जाणारी प्रत्येक गाडी ती बघते. आमच्या छोट्या गाडीचं चित्र ती महिनाभर उशाशी घेऊन झोपत होती, हे मला नंतर कळलं.

रांग लांब होती. त्या दोघी बरोबर माझ्या खाली आल्या, तेव्हाच नवं गाणं सुरू झालं. तन्वीनं कान झाकले. मग ती खाली बसली. मग कपाळ फरशीवर आपटायला लागली. सुगंधानं फरशी आणि कपाळ यांच्यामध्ये आपला हात घातला आणि तसाच ठेवला.

माणसं मागे सरली आणि गोल करून उभी राहिली. एकानं मोबाइल वर धरला. लाडावून ठेवलीय, असं कुणीतरी म्हणालं. मॅनेजर आले. सुगंधा वर न बघता त्यांना म्हणाली, "तिला स्वमग्नता आहे. आवाज सोसत नाही. तेवढा भोंगा बंद करा, दहा मिनिटांत ती उठेल."

तिच्या बोलण्यात रडू नव्हतं, रागही नव्हता. हीच वाक्यं तिनं बऱ्याच ठिकाणी म्हटली असावीत. मॅनेजर म्हणाले, एका मुलीसाठी सगळ्यांची मजा बंद करता येणार नाही, तुम्ही तिला घरी न्या. आणि माझ्यातली बाई म्हणाली, आनंदाच्या गावात आपलं स्वागत आहे.

मला लाज वाटली असं सांगितलं, तर तुम्हाला बरं वाटेल. पण वाटली नाही. मी वाजत होतो.

बाळा गाडी थांबवून त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेला. तिथलं बोलणं त्यानं दुपारी झाडलोट करणाऱ्या हौसाबाईला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. "चेडवाक काय व्हया होता, बाईनू?" त्यानं तन्वीकडे बघत विचारलं. "गाडी," सुगंधा म्हणाली. तिच्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता. "मग सोमवारी धा वाजता येवा. गर्दी नसता. भोंगो मी बंद ठेवतंय." ती हो म्हणाली नाही.

सोमवारी दहाला बाळानं माझं बटण दाबलंच नाही. कुणी आलं नाही. अकराला त्यानं मला सुरू केलं. पुढच्या सोमवारीही तेच. मॅनेजरांनी विचारलं, तेव्हा वायर तापते म्हणाला. असे पाच सोमवार गेले. त्या रिकाम्या तासांत मला पहिल्यांदा समुद्र ऐकू आला.

सहाव्या सोमवारी त्या आल्या. तन्वी कानांवर हात ठेवूनच फलाटावर चढली आणि माझ्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली. बाळा डब्याचं दार उघडं ठेवून बाजूला झाला. ती बसली. गाडी सुटली. पहिल्या वळणावर तन्वी म्हणाली, "कणकवली." बाळानं गाडी थांबवली आणि जरा वेळानं सोडली. पुढच्या वळणावर सिंधुदुर्ग आलं. गाडी पुन्हा थांबली.

फलाटावर दोन कुटुंबं खोळंबली होती. एका बापानं घड्याळ पाहिलं आणि पोरांना घेऊन निघून गेला. दुसऱ्या बाईनं आपल्या मुलाला समजावलं की ही पॅसेंजर आहे, थांबत थांबतच येणार. सुगंधानं बाकावर बसून पिशवीतला डबा काढला आणि गार झालेले घावणे खाल्ले. सगळे खाल्ले.

त्यानंतर वर्षभर, सुगंधाला शाळेतून रजा मिळेल त्या सोमवारी, त्या येत राहिल्या. मग कंबर धरली म्हणून बाळानं काम सोडलं. नव्या माणसाला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या सोमवारी मी दहाच्या ठोक्याला सुरू झालो. फाटकातून त्या दोघी आत येत होत्या. तन्वीचे हात वर गेले.

हौसाबाईनं झाडू टाकला, टपरीत शिरली आणि बटण दाबलं. कुणी बंद केलं, म्हणत मॅनेजर आले.

"मी केलंय," हौसाबाई म्हणाली. "चेडू गाडयेत बसतलां. उतारलां की लावतलंय."

मॅनेजर तन्वीकडे बघत उभे राहिले. मग ऑफिसात गेले. त्याच आठवड्यात फाटकावर पाटी लागली: सोमवारी दहा ते अकरा आवाज बंद राहील. आता त्या तासाला आणखी तीन-चार मुलं येतात.

मी मात्र सध्या स्टोअरमध्ये उताणा पडलोय. खाऱ्या हवेनं माझी कडा खाल्ली, म्हणून खांबावर नव्या काळ्या पेट्या आल्या. शुक्रवारी भंगारवाला येणार आहे. जाण्याआधी एक मागणं आहे. रांगेत एखादं मूल असं खाली बसलं, तर गोल करून उभे राहू नका. त्याच्या आईला शहाणपण सांगू नका. आवाज कुठून येतोय ते बघा आणि जाऊन तो बंद करायला सांगा. आम्हाला आपणहून गप्प होता येत नाही.