गाडीतल्या आवाजाचं करेक्शन

गाडीतला आवाज कमी झालाय, असं सरोज पहिल्यांदा म्हणाली ती जुलैच्या ऐन घामट दिवसांत, आणि गुरुप्रसादचं दुर्दैव असं की त्याच्याकडे उत्तर तयार होतं.

कतारमध्ये, अल खोरला, त्या दिवसांत हवा इतकी ओली असते की दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा पांढऱ्या होतात. गुरुप्रसाद जवळच्या रास लफानच्या गॅस प्रकल्पात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. तिथे मीटरवरचा कच्चा आकडा कोणी खरा मानत नाही. आधी तापमान विचारायचं, दाब विचारायचा, त्याप्रमाणे करेक्शन लावायचं आणि मगच आकडा वर पाठवायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे त्याला घरातसुद्धा कोणतीही तक्रार कच्ची ऐकवत नसे.

तेव्हा त्याने सरोजला समजावून सांगितलं. स्पीकरचा पडदा कागदाचा असतो. दमट हवेत तो पापडासारखा सादळतो. आतलं तारेचं वेटोळं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत तापलेलं असतं, आणि तापलेली तार विजेला अडवते, म्हणजे जोर कमी. वर एसीचा पंखा चारवर घोंघावत असतो, तो उरलासुरला आवाज खातो. हे सगळं हवेचं आहे, थंडी पडली की आवाज आपोआप परत येईल, तोवर थोडं करेक्शन लावू. सरोजने मान डोलावली. नुकतंच तापातून उठल्यामुळे कानाला दडे बसल्यासारखं वाटतंय, असंही ती म्हणाली होती. त्यावर बाहेर वाफ आणि आत एसी म्हटल्यावर दुसरं काय होणार, असं गुरुप्रसादने स्टिअरिंगवरून नजर न हलवता सांगितलं.

आता एवढ्याशा आवाजासाठी इतकं रामायण कशाला, असं कोणी म्हणेल. पण ती गाडी म्हणजे सरोजची रियाझाची खोली होती. फ्लॅटच्या भिंती पातळ, आणि पलीकडे शिफ्ट करून दिवसा झोपणारे लोक. म्हणून दर शुक्रवारी अल खोरहून दोह्याला मराठी मंडळाच्या तालमीला जाताना ती पेटी-तबल्याचं रेकॉर्डिंग लावून गात जायची. संक्रांतीच्या कार्यक्रमात सुरुवातीच्या गाण्याची पहिली ओळ एकटीने म्हणायचं काम यंदा प्रथमच तिच्याकडे आलं होतं. लग्नानंतर या वाळवंटात येऊन तिने स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही एकच गोष्ट, हे गुरुप्रसादला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो कंबर कसून कामाला लागला.

आधी पुढच्या काचेला उन्हाचा पडदा आला. मग गाडीत बसण्याच्या बऱ्याच आधी खाली जाऊन एसी लावून ठेवायचा नेम सुरू झाला. सरोजचं म्हणणं, कमीच येतोय. मग त्याने गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या मुनाफच्या दुकानात जाऊन न सादळणारे, प्लास्टिकच्या पडद्याचे स्पीकर बसवून घेतले. सरोज म्हणाली, बरं आहे, पण कमीच. मग सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर आला. मागच्या सीटवर बसलेली नुपूर, बारा वर्षांची त्यांची मुलगी, "बाबा, इट्स टू लाउड," म्हणून कानावर हात ठेवून बसली, आणि सरोज खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जरासा वाढवा ना."

गुरुप्रसादने फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप उतरवलं. आकडा पूर्वीपेक्षा चांगलाच वर होता. त्याने तो सरोजच्या नाकासमोर धरला. तिने आकडा बघितला, हो म्हणाली, आणि पुन्हा तेच म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी! मुनाफकडे तिसऱ्यांदा गेला तेव्हा तो बिचारा कोळिकोडचा माणूस हातातला पाना खाली ठेवून हिंदीत म्हणाला की साहेब, आता फक्त ट्रकचा भोंगा बसवायचा राहिलाय.

तिकडे तालमीत वेगळाच ताप सुरू झाला. सरोज ओळ उशिरा उचलायला लागली. तबला सम दाखवायचा आणि ही आपली इकडेतिकडे बघायची. तालीम घेणाऱ्या अंबिकाताई मृदू बोलणाऱ्या. त्यांनी तिला रांगेच्या उजव्या टोकाला पुढे आणून उभं केलं, म्हणजे मध्यभागी बसणारे वादक तिच्या डाव्या हाताला अगदी जवळ येतील. त्याने तर आणखीच बिघडलं. शेवटी पहिली ओळ रांगेतल्या उर्वीला द्यावी का, असं त्यांनी हळूच विचारलं. त्या दिवशी परतताना सरोजने रेकॉर्डिंग लावलंच नाही. देऊन टाकते म्हणाली, मला नाही जमत आता.

गुरुप्रसादला हे ऐकून वाईट वाटलं, पण त्याहून जास्त संताप आला. एवढी खटपट केली, गाडीचं अर्धं पोट फाडून तारा ओढल्या, आणि ही मैदान सोडून निघाली! त्याने तिला बजावलं की तू फक्त थंडी पडेपर्यंत धीर धर, ही हवा एकदा कोरडी होऊ दे, मग बघ. तो इतक्या ठामपणे बोलला की तिने पुन्हा मान डोलावली.

इन्शाल्ला म्हणत म्हणत थंडी पडली. जानेवारीतल्या त्या शुक्रवारी हवा अशी होती की तिला नाव ठेवायला इंजिनिअरलासुद्धा जागा नव्हती. एसी बंद, ऊन कोवळं, हवा कोरडी. नुपूर मैत्रिणीकडे गेलेली. कार्यक्रमाआधीची शेवटची तालीम होती. गुरुप्रसादने मुद्दाम वाटेतल्या पेट्रोलपंपाच्या कडेला गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि परीक्षेचा निकाल उघडावा तसं रेकॉर्डिंग लावलं.

सरोजने डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं. मग डोळे उघडले. ते भरलेले आहेत हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

"कमीच येतोय हो," ती म्हणाली.

झालं. सहा महिने दाबून ठेवलेली वाफ एकदम सुटली. तुला गायचंच नसेल तर सरळ सांग, तो म्हणाला, गाडीवर कशाला ढकलतेस? स्पीकर बदलले, अ‍ॅम्प्लिफायर घातला, हवासुद्धा बदलली, आता मी आणखी काय बदलू?

"काय म्हणालात?" सरोजने विचारलं.

हा तर कळसच झाला. तो दार आपटून बाहेर पडला. बॉनेटला वळसा घालून तिच्या बाजूला गेला आणि गाडीकडे पाठ करून उभा राहिला. तिची काच उतरवलेली होती. आत पेटी-तबला चालूच होता. तो स्वतःशीच पुटपुटला, "हात टेकले बाबा या बाईपुढे."

"ऐकलं मी ते," आतून सरोज म्हणाली.

गुरुप्रसाद वळला. इतकं हळू तो स्वतःला तरी ऐकू आला होता की नाही कोण जाणे. तो पुन्हा वळसा घालून आपल्या बाजूला आला. दार उघडून आत वाकला, आणि चाव्या शोधण्याचं सोंग करत तेच वाक्य, तितक्याच हळू, पुन्हा म्हणाला. सरोज समोर बघत बसली होती. त्याने जरा मोठ्याने म्हटलं. ती समोरच बघत होती.

त्याने रेकॉर्डिंग बंद केलं. तिच्या खांद्याला हात लावला, उजवा कान तळव्याने घट्ट दाबायला सांगितलं आणि तोंड खिडकीकडे करायला लावलं. मग त्याने तिला नावाने हाक मारली. मग पुन्हा मारली. पंपावरचा माणूस वळून बघेल इतक्या मोठ्याने मारली. सरोज खिडकीकडे तोंड करून, कान दाबून, आता हा काहीतरी सांगेल म्हणून वाट बघत होती.

गुरुप्रसादने आपल्या सीटकडे बघितलं. गाडीत तो कायम तिच्या डाव्या हाताला बसत आला होता. आणि मंडळात वादकही आता तिच्या डाव्या हातालाच होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तोही सहा महिने, आणि बंब चालवणारा हा स्वतः.

तालीम राहिली. दुसऱ्याच दिवशी दोह्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी सरोजला काचेच्या खोलीत बसवून तपासलं, कागदावरचा आलेख बघितला आणि हे कधीपासून आहे, असं विचारलं. सरोजने गुरुप्रसादकडे बघितलं. त्याने जुलै म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अशा तापानंतर कधी कधी एका कानाची नस अचानक बसते, ते म्हणाले. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गोळ्या सुरू केल्या तर पुष्कळदा बरंच ऐकू परत येतं. आता डाव्या कानाकडून फार आशा ठेवू नका. उजवा उत्तम आहे.

सरोजने एवढंच विचारलं की गाता येईल का. का नाही येणार, डॉक्टर म्हणाले, वाजवणारे उजव्या बाजूला येतील असं उभं राहा, म्हणजे झालं. रांगेचं दुसरं टोक, बस. दोन पावलं सरकून उभं राहण्याचं काम होतं, ते जुलैतही करता आलं असतं.

पार्किंगमध्ये गुरुप्रसाद गाडीपाशी नुसता उभा राहिला. त्याला स्वतःचा इतका राग आला होता की तो उतरवायला कोणीतरी हवं होतं, आणि जवळ सरोजच होती.

"अगं, पण एकदा तरी भांडून सांगायचंस ना मला," तो म्हणाला, "की हवेचं नाही, मलाच ऐकू येत नाहीये म्हणून."

सरोज त्याच्या बोलण्याकडे कान देण्यासाठी वळली, उजवी बाजू त्याच्याकडे करून. ती रागावलेली नव्हती, आणि तेच त्याला सोसवेना.

"तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होतात," ती म्हणाली. "मी थंडीची वाट बघत होते."