अर्धा इंच खाली

सोमवार, बुधवार, शुक्रवार.

दातांनी चावलेली लाल पेन्सिल.

एक कागद, जिथून जायला नको होता तिथून गेलेला.

चार आणि चार आठ.

मी एक जुना लाकडी खोका आहे, मित्रांनो. माझ्या तळाला मोठं चौकोनी भोक आहे. माझ्यात बटाटे राहत नाहीत, सरपण राहत नाही. लोक मला फुटका म्हणतात. मी फुटलेलो नाही. मला कापलं आहे.

मला आर्वो किवेलाने बनवलं. ओन्टारियोत, सरोवराकाठच्या त्याच्या शेडमध्ये. आर्वो जन्मभर मोटारींची इंजिनं बांधत आला. इंचाचा हजारावा भाग चुकला तरी सगळं पुन्हा खोलायचा. म्हातारपणी त्याचे हात थरथरू लागले. तरी चार महिने खपून त्याने एक शेवटचं इंजिन उभं केलं, धाकटी बहीण आयला हिच्या गाडीसाठी. आयला दूर उत्तरेला राहायची. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला जावं लागे, आणि इस्पितळ दीडशे किलोमीटरवर. बस बंद झालेली. शेजारी तिला नेत होता, पण त्या शुक्रवारनंतर तोही कामासाठी परगावी जाणार होता. तिकडे जाणारा ट्रक आठवड्यातून एकदाच यायचा. मंगळवारी, दुपारी दोनला.

इंजिनाच्या तळाशी तेलाचा चेंबर असतो, पातळ पत्र्याचा. इंजिनाचं वजन त्याच्यावर कधी येऊ द्यायचं नसतं. इंजिन बाजूला आलेल्या दोन जाड लोखंडी कानांवर तोलायचं आणि चेंबर खाली मोकळा लोंबता ठेवायचा. हा चेंबर कानांपासून साडेसात इंच खाली येत होता. आर्वोने माझ्यात दोन्हीकडे ‘दोन बाय चार’च्या फळ्या कडेवर उभ्या केल्या, एकीवर एक. चार आणि चार आठ. अर्धा इंच मोकळा. दातांनी चावलेल्या लाल पेन्सिलीने त्याने तो हिशेब माझ्या फळीवर लिहूनही ठेवला.

पण आमच्याकडे ‘दोन बाय चार’ हे नुसतं नाव आहे. रंधा मारल्यावर ती फळी दीड बाय साडेतीनच उरते. वखारीत हे सगळ्यांना ठाऊक असतं. आर्वो लोखंडाचा माणूस. त्याने लाकडाचं नाव खरं मानलं.

मला माझी उंची ठाऊक होती. सात. मी करकरत होतो, सात, सात. लाकूड करकरलं की माणसं म्हणतात, सुकतंय.

साखळीवरून इंजिन खाली आलं.

टक्क.

साडेअकराला वखारवाली लुसिल झाकणाची फळी घेऊन आली.

“काय हो आर्वो, शवपेटी केलीत की काय कुणाची?”

“तोंड आवर पोरी. पत्त्याचा कागद चिकटव.”

लुसिल वाकली. हातातला कागद इंजिनाचा कान आणि माझी फळी यांच्यामधून सहज आरपार गेला. तिने तो पुन्हा घालून पाहिला.

“आर्वो, कान टेकलेच नाहीत.”

“टेकलेत. आठ इंच आहे ते.”

“कसले आठ?”

“दोन बाय चार. चार नि चार.”

लुसिल हसली नाही. “अहो, साडेतीन असते ती फळी.”

आर्वो जमिनीवरच बसला. “म्हणजे सगळं वजन चेंबरवर. चेपला असणार. तेल खेचणारी नळी तळाला टेकली, तर दहा किलोमीटरवर इंजिन जाम होईल. बर्फात. ती एकटी.”

“मग काढू चेंबर, ठोकून सरळ करू.”

“हात ठरत नाहीत गं माझे! वीस बोल्ट आहेत!”

“माझे ठरतात. तुम्ही सांगा, मी करते. आणि शिव्या तुमच्या फिनलंडच्या भाषेत द्या, मला कळत नाहीत.”

त्याने दिल्या. बोल्ट निघाले, पत्रा सरळ झाला, नवं पॅकिंग बसलं. पण माझी उंची? माझ्या फळ्या बोल्टने जखडलेल्या, आणि वर आणखी लाकूड घालावं तर झाकण बसेना. दोनला वीस मिनिटं होती.

“तळच काप,” आर्वो म्हणाला.

करवत माझ्या पोटातून गेली. मित्रांनो, मला ती हवी होती.

या खेपेला इंजिन कानांवर बसलं. चेंबर माझ्या भोकात अर्धा इंच खाली उतरला आणि जमिनीला न टेकता मोकळा राहिला. लुसिलने चारही बाजूंनी कागद घालून पाहिला. गेला नाही.

शेजाऱ्याने जायच्या आधी इंजिन गाडीत बसवून दिलं. सोमवारी मी आयलाच्या अंगणात बर्फात रिकामा पडलो होतो. गाडी निघाली. मी दहा किलोमीटर मोजले. मग दिवसभर काहीच मोजता येईना. अंधार पडायच्या आत ती परत आली. बुधवारीही आली. आली की जाताजाता माझ्यावर थाप मारायची.

आता त्या घरात दुसरी माणसं आहेत. काल कुणीतरी माझ्या अंगाला कुऱ्हाड टेकवून ठेवली. मला ओरडता येत नाही, करकरता येतं, आणि ते म्हणतील, सुकलंय, चांगलं जळेल. मित्रांनो, तुम्ही तरी त्यांना सांगा. भोक दिसलं की आधी विचारा, ते कशासाठी पाडलं होतं. आणि नावावर जाऊ नका. मोजा.

वखारीत फळ्या निवडताना मोजपट्टी आर्वोच्या खिशातच होती.