आजीचं खोटं दुखणं

माझी आई पार्वतीबाई सत्तरीची आहे, पण दुखणं तिच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही. त्या रविवारीसुद्धा तिनं लिंगपूजा उरकून दोन भाकरी हाणल्या होत्या. आणि मी, रेणापूरचा संगप्पा किराणावाला, नांदेडच्या मुलींच्या निवासी शाळेत उभा राहून रेक्टरबाईंना सांगत होतो, "आईचं लई शिरेस हाय. पोरीला न्यायला आलो."

थाप मारली, दुसरं काय. रुद्राणी माझी एकुलती एक. तिची आई गेल्यापासून माझ्याच ताटात जेवून वाढलेली. जूनमध्ये परीक्षा देऊन सहावीला इथं तिचा नंबर लागला, तेव्हा मी गावभर पेढे वाटले. तीन महिन्यांत घर खायला उठलं. गिऱ्हाईक साखर मागायचं आणि मी मीठ तोलायचो. रेणापूरला काय शाळा नाहीत? एकदा घरी नेली की परत धाडायची नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं.

चार नंबरच्या खोलीत तिच्यासोबत सात जणी राहतात. हदगावची धम्मप्रिया त्यांची म्होरकी, चष्मेवाली, हातभर उंचीची. तिनं मलाच खुर्ची दिली. "तुमी बसा काका, आमी भरतो बॅग." एकीनं कपड्यांच्या घड्या घातल्या, एकीनं रुद्राणीची जेवण वाढायची पाळी आपल्याकडे घेतली. बुडालेला अभ्यास उतरवून ठेवायचं तिसरीनं कबूल केलं. मला काही ते आवडलं नाही. घरी पाण्याचा तांब्या न उचलणारी माझी पोर स्वतःच बॅग खांद्याला लावून निघाली. तोंड उतरलं होतं, पण रडत नव्हती. रडून मला बिलगली असती तर बरं वाटलं असतं.

लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली. मोबाइल पोरीकडे देऊन मी चहाला उतरलो आणि तिथंच घोटाळा झाला. परत आलो तर फोनमधून माझ्या आईचा खणखणीत आवाज येत होता. "मला काय धाड भरलीय? तुझा बाप कुठं उलथलाय सकाळधरून, दुकान बंद ठेवून?"

रुद्राणीनं फोन ठेवला. आता ही आकांडतांडव करणार म्हणून मी मान खाली घातली.

"पप्पा, आधी खोलीला फोन लावा," ती म्हणाली. "त्या जेवल्या नसतील."

"कामून?"

"गेल्या महिन्यात धम्मप्रियाची आई दवाखान्यात होती. ती बरी हाय असा फोन येईस्तोवर आमी कुणीच जेवलो न्हाई. तवापासून तसंच ठरलंय. कुणाच्या बी घरी दुखणं निघालं, की खबर कळेस्तोवर खोली जेवत न्हाई."

दीड वाजून गेला होता. माझ्या थापेपायी सात पोरी उपाशी बसल्या होत्या, आणि धम्मप्रिया सोडली तर त्यातल्या एकीचंही नाव मला ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली. बॅग घेऊन आम्ही गाडीतून उतरलो आणि मी रेक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी तो धम्मप्रियाकडे दिला.

"काका, आजी कशी हाय?"

'बरी हाय' म्हणून सुटता आलं असतं. पण रुद्राणी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तिला काही झालंच नव्हतं, माय. मीच खोटं बोललो. पोरीबिगर मला करमत न्हाई."

"आजी ठणठणीत हाय गं," ती बाकीच्या पोरींना ओरडून म्हणाली आणि तिकडे एकच गलका झाला. मग ती परत फोनवर आली. आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं. पण नव्या पोरीची समजूत काढावी तशी ती हळू आवाजात बोलायला लागली.

"सुरुवातीला लई जड जातं काका. रुद्राणी बी रोज रडायची. आमी आळीपाळीनं तिच्यापाशी बसायचो. तुमच्यापाशी कोण बसतं?"

रोज रडायची, हे पोरीनं मला कधी कळू दिलं नव्हतं.

"तिचं ताट वाढून ठेव," एवढंच मी म्हणालो, आणि नांदेडची गाडी कुठं लागलीय ते बघायला निघालो.