बारीक तारेचा सूर

दुकानाच्या दर्शनी काचेतून आलेला उजेड आधी कपाटातल्या चष्म्यांवर थांबत असे. मग एकेका भिंगातून गाळून निघाल्यासारखा तो मागच्या भिंतीवर उतरे आणि तिथे लहानमोठे लंबगोल कवडसे उमटत. काही ठसठशीत, काही कडेने विरघळलेले. त्यात नवल काही नव्हते. सूर्य रोज उगवत होता, काच रोज पुसली जात होती. तरी चष्मेवाले चाळीस वर्षे हे कवडसे पाहत आले होते. नजर तपासायच्या तक्त्यावर ते शेवटच्या बारीक ओळीपर्यंत सरकले, की साडेनऊ वाजले असे समजायचे.

त्या रविवारी कवडसे तिथे पोहोचले आणि नळवाला आत आला. एका हातात स्वतःची मँडोलिन, दुसऱ्या हातात अ‍ॅकॉर्डियनची जड पेटी.

“हे सिस्टरचं ना रे?”

“त्यांचंच. सात महिने भाता गळतोय म्हणून रडतायत. म्हटलं, गळती काढणं आपला धंदा. काल त्यांच्या सासूबाईंकडून उचलून नेलं.”

“मग?”

“मग काय, डॉक्टर, अख्खा भाता पालथा घातला. गळती असेल तर शपथ.”

चष्मेवाले डॉक्टर नव्हते; पण नळवाल्याने एकदा दिलेली पदवी परत घेतली नव्हती.

बावीस वर्षे दर रविवारी दुकानात वाजवायला जमणाऱ्या या तिघांचा, म्हणजे चष्मेवाले, नळवाला आणि सिस्टर यांचा, सूर चष्मेवाल्यांच्या व्हायोलिनवरून लागत असे. ते कशाचाही आधार न घेता खुंटी पिळत, तार छेडत, स्वतःशीच मान हलवत; मग बाकीचे त्यांना जुळवून घेत. आयुष्यात त्यांना मिळालेला मान एवढाच होता आणि तो त्यांनी फार जपून वापरला होता. अलीकडे बायको कान तपासून घ्या म्हणू लागली होती. “तू पुटपुटतेस, त्याला माझे कान काय करतील?” हे त्यांचे उत्तर तयार असे.

सिस्टर आल्या त्या भाचीची गिटार खांद्याला अडकवून. पेटी दिसताच त्या दारातच थबकल्या.

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं आणायला?”

“उपकार मानायचे सोडून ही तऱ्हा,” नळवाला म्हणाला.

वाजवण्याआधी आपले वाद्य शेजाऱ्याच्या मांडीवर द्यायचे आणि तो ते चाचपून पाहीपर्यंत एक आठवण सांगायची, असा त्यांचा रिवाज होता. व्हायोलिन नळवाल्याकडे गेले. शाळेच्या समारंभात गजाला राळ लावायची राहिली, आवाज जेमतेम फुटला, तरी टाळ्या पडल्या, हे चष्मेवाल्यांनी सांगितले.

“गेल्या वेळी सांगितलंत तेव्हा निदान एक मास्तर रडले होते,” नळवाला म्हणाला.

मग अ‍ॅकॉर्डियन चष्मेवाल्यांच्या मांडीवर आले. सिस्टर सांगू लागल्या, “मुलांच्या वॉर्डात एक पोर पट्टी बदलू देईना. म्हणाली, तू वाजव, पण मधे थांबायचं नाही. पट्टी झाली, तरी ती मला थांबू देईना…” बोलताना त्यांची नजर चष्मेवाल्यांच्या बोटावर खिळली होती. भाता जरा ओढून त्या बोटाने अ‍ॅकॉर्डियनची वरच्या सुराची एक पट्टी दाबली. नळवाल्याने गंमत म्हणून व्हायोलिनची बारीक तार तिच्या जोडीला छेडली आणि कच्चे फळ चावल्यासारखे तोंड केले.

चष्मेवाल्यांना दोन्ही सूर एकच वाटले होते.

पण चेहरे त्यांना वाचता येत. तक्ता पाठ करून येणारी माणसे त्यांनी जन्मभर पाहिली होती. न ओरडता, ओळी झाकून ती पकडली होती. सिस्टर फरशीकडे पाहत होत्या.

“भाता गळत नव्हता, सिस्टर.”

“नाही, काका.”

“गिटार माझ्याबरोबर खाली उतरते. याचे सूर पक्के, हे उतरत नाही.”

“मी म्हटलं, आपण तिघंच तर असतो. कुणाला काय कळतंय.”

“मला वाटायचं हवा बदलली की तारा सैल पडतात,” नळवाला हळूच म्हणाला.

चष्मेवाल्यांनी अ‍ॅकॉर्डियन सिस्टरांकडे दिले. इतके महिने आपण नळवाल्याच्या बोटांकडे पाहून वाजवतो आहोत, हे त्यांनी स्वतःलाही कळू दिले नव्हते. ते उठले, आणि गिऱ्हाइकाला बसवावे तशी खुर्ची नीट भिंतीकडे वळवून तिच्यात बसले.

“आता मला तुमचे हात दिसत नाहीत. मँडोलिनची सगळ्यात बारीक तार वाजव. अगदी हळू. ऐकू आली की मी हात वर करतो.”

“सोडा ना, डॉक्टर.”

“वाजव म्हणतो ना.”

ते ताठ बसून राहिले. रस्त्यावरून एक जड वाहन गेले. त्याची घरघर त्यांना पायांतून समजली. हात मांडीवरच होता.

“अरे, कर ना सुरू.”

नळवाल्याने मँडोलिन खाली ठेवली. मग सिस्टरांचा हात त्यांच्या खांद्यावर आला. त्या कानाशी वाकून, वॉर्डात बोलत त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “काका, तीनदा वाजवून झालं.”

चष्मेवाले उठले. मग त्यांनी खुर्ची फिरवली, नळवाल्याकडून व्हायोलिन घेतले, आणि खुंटीवर बोटे ठेवून ते सिस्टरांपुढे धरले.

“सूर द्या. जुळला की मान हलवा,” ते म्हणाले. “मला ऐकू येत नाही.”