झावळ्यांच्या रविवारची फेरी

मी आकाराम. गडहिंग्लज रस्त्यावरच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा वीस वर्षं वडील, म्हंजे कारभारी म्हणा. राग माझ्या नाकावर असतोय, हे मी स्वतःच सांगतो, म्हंजे दुसऱ्यांचं तोंड दुखायला नको.

अठ्ठ्याण्णव साली वरच्या कमिटीचं पत्र आलं. 'तुमच्याकडं माणसं कमी. झावळ्यांच्या रविवारी पाळकसाहेब येऊन बघतील. मंडळीत जीव नसेल तर उपासना बंद करून तुम्हाला गडहिंग्लजला जोडू.' माझा बाप्तिस्मा इथला, लग्न इथलं. आमच्या म्हाताऱ्या बायका दर रविवारी एस्टीत चढणार कशा? आठ दिवस मला भाकर गोड लागली न्हाय.

झावळ्यांच्या रविवारी, येशू यरुशलेमात आल्याची आठवण म्हणून, पोरं झावळ्या नाचवत फेरीनं उपासनेला येत्यात. पण मी ठरवलं, उपासना एकदम शिस्तीत करायची. सूनबाई तेजस्वी आमची शब्बाथशाळा, म्हंजे पोरांची रविवारची शाळा, चालवती. तिला सांगितलं, "औंदा पोरांची फेरी न्हाय. शिंदीच्या झावळ्या मी आणत न्हाय. उपासना सुटंपर्यंत पोरं भायेर लिंबाखाली."

"मामा, झावळ्यांचा रविवार आणि पोरांबिगर?"

"साहेबापुढं दंगा नको. बास."

त्या सांजच्याला सैपाकघरात भांडी लई वाजली.

रविवारी साहेब आले. धोतराला इस्त्री करून मी दारात उभा. पण एक गोष्ट माझ्या टाळक्यात आलीच नव्हती. पोरं भायेर म्हंजे त्यांच्या आया भायेर, आणि आया भायेर म्हंजे गाणं भायेर. आत उरलो अकरा जण, समदे माझ्या वयाचे, त्यातले तीन डुलक्या घेणारे. गीत सुरू केलं तर पेटीच एकटी वाजत राहिली. शिस्त मात्र अशी, की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती.

साहेबांनी वहीत 'अकरा' लिहिलं. म्हणाले, "वडील, लेकरं किती?"

"लेकरं आम्ही मोजणीत धरत न्हाय, साहेब."

"बाप्तिस्म्याचं रजिस्टर बघू."

मी आणून दिलं. दहा वर्षांत सव्वीस नावं, समदी माझ्याच अक्षरात. साहेबांनी पान उलटत हळूच विचारलं, "प्रत्येक बाप्तिस्म्याला मंडळी उभी राहून वचन देते. काय देते?"

मला ते तोंडपाठ होतं. दर वेळी पहिला उभा राहणारा मीच की. 'या लेकराला आम्ही आपलं म्हणू, आमच्यात वाढवू.' शब्द ओठावर आले आणि नजर दाराकडं गेली. लाज वाटली मला, खरं सांगतो.

तेवढ्यात रस्त्यावरनं पोरांच्या जयजयकाराचा गलका आला, "होसान्ना, होसान्ना." मी दारात गेलो. झावळ्या न्हाईत म्हणून पोरांनी शेजारच्या केरबाच्या रानातनं उसाचं वाडं उचललेलं, शेंड्याचा हिरवा पाला. ते नाचवत समदी चाललेली, मागनं तेजस्वी, आया, आणि त्यांच्या मागनं केरबाची म्हस. कारण वाडं म्हंजे तिचा चारा न्हवं का.

मला बघून फेरी जागच्या जागी थांबली. म्हस तेवढी थांबली न्हाय, तिनं शेवटच्या पोराच्या हातातलं वाडं ओढून खायला घेतलं.

पुढं माझी नात श्रुती होती, आठ वर्षांची. ती म्हणाली, "आज्जा, आम्ही आत येत न्हाय. तुमी सांगितलंय ते ध्यानात हाय. भायेरनंच वळतो."

तवा मला उमगलं. उद्या कुलूप लागलं असतं तर ते कमिटीनं लावलं नसतं, मीच लावलं असतं.

"आत या," मी म्हणालो. नेहमीच्या आवाजात गेलं ते, पोरं दोन पावलं मागं सरली. मग दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या, बाजूला झालो आणि हळू बोललो. मला ते जमत न्हाय, पण बोललो. "माझं चुकलं, बाळांनो. हे तुमचंच हाय. या."

श्रुतीनं तेजस्वीकडं बघितलं. तेजस्वीनं मान हलवली. आणि मग जी झुंबड आत घुसली, डुलक्या घेणारे तिघं धडपडून उभे राहिले. गाणं असं उठलं, की पेटी ऐकूच येईना. केरबा म्हशीच्या मागं पळत आला आणि पायरीवरनं आत डोकावत म्हणाला, "पावणं, म्हस आत आली न्हाय न्हवं?" साहेब पोट धरून हसले.

गाणं संपल्यावर त्यांनी मला सांगितलं, "वडील, आता मोजा."

मी मोजायला लागलो. एक बाकाखाली, दुसरं आईच्या मांडीवरनं शेजारणीच्या मांडीवर, तिसरं साहेबांच्याच खुर्चीमागं. तीनदा मोजलं, तीनदा चुकलं. घामाघूम झालो.

साहेबांनी 'अकरा' खोडलं. 'मोजता आली नाहीत,' असं लिहून खाली सही केली, आणि मला म्हणाले, "एवढ्यावर कुणी कुलूप लावणार नाही."

मी खाली बसलो. डोळं पुसायला रुमाल काढला, तर श्रुती मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, "आज्जा, सरका की, आणि दोघं बसणार हायत."